बातमीचा भाव

अडत दुकानदाराच्या घरात वाढलेल्या पोराला एक गोष्ट शाळेत जायच्या आधीच कळते. हळदीला भाव असतो तसा बातमीलाही असतो, आणि बातमी हळदीपेक्षा लवकर नासते. सांगलीच्या गणपती पेठेत आमचं दुकान होतं. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, मधे आमची अडत. हरिपूरच्या पेवांत भरून ठेवलेली हळद आज काढायची की अजून महिनाभर राहू द्यायची, हे सगळं मुंबईत, निजामाबादेत, इरोडला काय चाललंय यावर ठरायचं. ते ज्याला दोन तास आधी कळलं त्याचा दिवस साजरा झाला. ज्याला उशिरा कळलं त्याने ‘गणपतीची इच्छा’ म्हणून वही मिटायची.

दोन तासांची ही आघाडी एका काळ्या, जडशीळ फोनात होती. तो वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, गादीच्या उजव्या हाताला असायचा आणि त्याच्या डायलला बारकं पितळी कुलूप असायचं. फोन आला तर घेता यायचा, करता यायचा नाही. चावी अण्णांच्या जानव्याला. बाहेरगावी बोलायचं तर १८० फिरवून ट्रंक कॉल बुक करायचा. त्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार होते. अर्जंटला दुप्पट पैसे पडत. लाइटनिंग एखाद्याच्या घरी काही बरंवाईट झालं तरच. ‘पी. पी.’ लावला तर ज्याचं नाव दिलंय तोच माणूस लाइनवर यायचा. मुंबईचा दलाल जेवायला गेला असेल तर नुसत्या चौकशीचे पैसे द्यायचे आणि पुन्हा वाट बघत बसायचं. सकाळी बुक केलेला कॉल दुपारी लागे. मग एकदम दणकून घंटा वाजायची, हमाल पोतं पाठीवर तसंच धरून थांबायचे, आणि अण्णा सगळी पेठ ऐकेल अशा आवाजात ओरडायला लागायचे.

गंमत अशी, की ओरडूनही कोणाला काही कळायचं नाही. भाव आकड्यात सांगायचाच नाही, असा दंडक होता. मधे ऑपरेटर ऐकतोय, शेजारच्या गाळ्यातले कान इकडेच आहेत. म्हणून प्रत्येक आकड्याला घरातलं एकेक नाव दिलेलं असे. ‘काशी आली, मागून गोदा आली, शंकर यायचाय’ असं अण्णा म्हणाले की नवख्याला वाटावं, यांच्याकडे कार्य निघालंय. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरचा आवाज यायचा, ‘एक्स्टेंड करू?’ अण्णा मान हलवून नको म्हणायचे, जणू त्याला दिसतंय. तीन मिनिटांत बसत नाही ते बोलणं धंद्याचं नव्हे, हे त्यांचं मत शेवटपर्यंत टिकलं.

घरी फोन बऱ्याच उशिरा आला. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायची तेव्हा रीतच होती. ज्याच्याकडे फोन, त्याचा नंबर आळीतल्या सगळ्यांच्या लग्नपत्रिकेत. आमच्याकडे तो आला आणि जेमतेम स्थिरावतोय तोच माझी बहीण, अक्का, लग्न होऊन अमेरिकेला गेली. तिचा फोन यायचा तो दिवाळीला आणि आईच्या वाढदिवसाला. आम्ही सगळे ओळीने उभे. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं आणि रिसीव्हर पुढे द्यायचा. त्या बोलण्यात एक चमत्कारिक अडखळ असे. आई विचारायची, ‘जेवलीस का?’ उत्तर नाही. म्हणून आई पुन्हा विचारायची, तेवढ्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर येऊन दुसऱ्या प्रश्नावर आदळायचं. पुढे मग दोघीही गप्प, आणि पुन्हा दोघीही एकदम.

याचं कारण मला पुष्कळ वर्षांनी समजलं. परदेशातले पुष्कळ फोन तेव्हा उपग्रहावरून येत. आपल्याकडे त्यासाठीचं भूकेंद्र जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला १९७१ मध्ये सुरू झालं होतं. उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर. आईचा प्रश्न आधी तितका वर चढायचा, मग तितकाच खाली उतरायचा. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी पाव सेकंद लागणारच, उत्तर परत यायला आणखी पाव. ऐकायला अर्धा सेकंद काहीच वाटत नाही, पण मायलेकींच्या बोलण्याची लय तेवढ्याने मोडते. त्या काळात फोनवर शांत राहणं कोणालाच परवडत नव्हतं. एक तर पैसे चढतायत, आणि दुसरं, समोरून आवाज आला नाही की लाइन तुटली असंच वाटायचं. ‘हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का?’ यातच निम्मा कॉल संपायचा.

मी पुण्याला शिकायला आलो तेव्हा एस.टी.डी.चे बूथ नुकते चौकाचौकांत उगवले होते. सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, देशी एक्स्चेंजेस आली, आणि ट्रंक बुक करण्याचं लचांड बघता बघता मागे पडलं. पिवळ्या पाटीखालच्या काचेच्या खोलीत उभं राहून थेट नंबर फिरवायचा. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, म्हणून तेव्हाच रांग लागायची. डोळ्यांसमोर लाल आकड्यांचा मीटर. पैसे संपत आलेला मुलगा घरी काय बोलतो ते त्या रांगेत पुरतं ऐकू यायचं: ‘बरा आहे. पैसे पाठवा. ठेवतो.’ आमच्या घरचीही तीच तऱ्हा. फोन म्हणजे काहीतरी कारण. कारण नसताना केला तर अण्णा घाबरून विचारायचे, ‘काय झालं रे?’ तारेची जी धास्ती पूर्वी होती, तिचा थोडा अंश फोनलाही चिकटला होता.

पुढचा टप्पा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला. ३१ जुलै १९९५ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा बोलायला मिनिटाला आठ रुपयांच्या वर पडत, गर्दीच्या वेळी दुप्पट, आणि आलेला फोन घेण्याचेही पैसे. म्हणून पुष्कळ दिवस मोबाइल हा मिरवायचा दागिनाच होता. त्या महागाईतून आपल्या लोकांनी काढलेली पळवाट म्हणजे मिस्ड कॉल. एक वाजवला तर ‘पोचलो’, दोन वाजवले तर ‘गाडी भरली’. बिनपैशाची बातमी! २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला आणि मोबाइल शर्टाच्या खिशातून बंडीच्या खिशात उतरला. शेतकऱ्याच्या हातात फोन आला तो खरा या दिवसांत.

आमच्या धंद्याचं जे व्हायचं ते इथे झालं. मिरज भागातला एक जुना शेतकरी माल घेऊन आला. अण्णांनी नेहमीसारखा अंदाज सांगितला. गडी खुर्चीत टेकला, फोन कानाला लावला, निजामाबादेत असलेल्या भाच्याशी दोन मिनिटं बोलला आणि शांतपणे म्हणाला, ‘अण्णा, तिकडं तर लईच तेज हाय की.’ अण्णा काही बोलले नाहीत. पट्टी करताना मात्र आकडा बदलला. त्या संध्याकाळी दुकान बंद करताना ते मला म्हणाले, ‘आता भाव सांगून पोट भरायचे दिवस गेले.’

त्यांनी हे केवळ नाकाने ओळखलं होतं. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ नंतर मोबाइल पोचला तेव्हा नेमकं हेच घडल्याचं रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मधल्या अभ्यासात दाखवलं आहे. आधी एका बंदरावर तारल्यांचे ढीग पडून फेकून द्यावे लागत आणि थोड्याच अंतरावरच्या बंदरात गिऱ्हाईक हात हलवत परत जाई. होडीतून फोन करता येऊ लागला तसे बंदराबंदरांतले भाव जवळजवळ सारखे झाले, मासळीची नासाडी थांबली. कोळ्याला दोन पैसे जास्त मिळाले आणि खाणाऱ्याला मासळी स्वस्त पडली. तोटा झाला असेल तर अंतरावर जगणाऱ्यांना, म्हणजे आमच्या जातकुळीच्या माणसांना.

त्यानंतर इंटरनेट आलं. आधी मोडेमचं ते खरखर, किरकिर करत जोडलं जाणं. नेट चालू असेतो घरचा फोन एंगेज. मग ब्रॉडबँड. २००४ मध्ये एन.सी.डी.ई.एक्स. या वायदेबाजारात हळदीचे वायदे सुरू झाले आणि भाव पडद्यावर हलताना दिसू लागले. २०१६ नंतर डेटा इतका स्वस्त झाला, की हमालाच्या आणि मालकाच्या हातातली बातमी एकाच क्षणाची झाली. काशी, गोदा आणि शंकर निवृत्त झाले. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं गुपित आता चहाच्या टपरीवर कोणीही अंगठ्याने सरकवून बघतं.

मग अडत्याचं उरलं काय? हा प्रश्न माझ्या मुलाने मला विचारला, तेव्हा मी त्याला गोदामात नेलं. राजकोटचा एक व्यापारी व्हिडिओ कॉलवर होता. मी पोत्यातून हळकुंड काढलं, फोनसमोर धरलं आणि मोडलं. चांगलं वाळलेलं हळकुंड खट्‌कन मोडतं. ओल असेल तर आधी वाकतं, मग चिरकतं. आतला रंग गर्द केशरी निघाला. ‘आवाज ऐकला?’ मी विचारलं. तो हसला. म्हणाला, ‘शेठ, आवाज फोनमध्ये काय कळणार? कॅमेऱ्यात तर सगळीच हळद सोन्यासारखी दिसते. तुम्ही बोला, कशी आहे?’ मी म्हटलं, ‘मधली आहे. वरच्या थरात दोन आणे ओल आहे.’ तो म्हणाला, ‘मग त्या हिशेबाने भरा.’ पूर्वी वानगीची पुरचुंडी एस.टी.ने जायची, ती बघून चार दिवसांनी होकार यायचा. आज मालाचा फोटो दोन सेकंदांत जातो, पैसे आर.टी.जी.एस.ने तासाभरात येतात, आणि तरीही सगळा सौदा शेवटी ‘तुम्ही बोला’ याच दोन शब्दांवर होतो. बातमी फुकट झाली तशी खोटी बातमीही फुकट झाली. ‘उद्या मंदी’ म्हणून ग्रुपवर रोज कोणीतरी पुडी सोडतंच. त्यामुळे बातमीचा भाव उतरला आणि सांगणाऱ्याचा चढला.

घरातही असंच काहीसं झालं, फक्त तिथे नफातोटा मांडता येत नाही. आमचं जुनं घर दगडमातीचं, भिंती दोन फुटांच्या. फायबरची जोडणी घेतली तेव्हा राउटर सोप्यात बसवला, तर वाय-फाय माजघराच्या भिंतीपाशी दम सोडायचं आणि स्वयंपाकघरात पोचायचंच नाही. तंत्रज्ञ म्हणाला, ‘काका, असल्या भिंतीला दुसरा बॉक्सच लागतो.’ तो बसला आणि आईचं साम्राज्य जर्मनीपर्यंत पसरलं. तिथे माझी मुलगी असते. रविवारी सकाळी फोन डब्याला टेकवून ठेवलेला असतो. इकडे आई मेथी निवडते, तिकडे नात भांडी विसळते. दहा-दहा मिनिटं दोघी एक शब्द बोलत नाहीत. मधेच आई म्हणते, ‘तो गॅस बारीक कर.’ तिला तो सहा-सात हजार किलोमीटरवरून दिसलेला असतो.

मी हे बघतो तेव्हा मला अक्काचे दिवाळीचे फोन आठवतात. आता आवाज उपग्रहापर्यंत चढत नाही. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून प्रकाश होऊन जातो, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलींमधून. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा केबली जमिनीवर येतात. वाट कितीतरी जवळची झाली, आणि पैसे मिनिटाला मोजायचे राहिले नाहीत. आम्हाला वाटलं होतं, वेग वाढला की माणसं जास्त बोलतील. आमच्या घरात उलटं झालं. गप्प बसता येऊ लागलं. सांगण्यासारखं काही नसताना सोबत बसायची चैन पूर्वी फक्त एका छपराखाली राहणाऱ्यांना मिळायची. अक्काच्या वाट्याला ती कधी आली नाही, आणि आजही ती फोनवर भराभर, धापा टाकत बोलते. मीटर तिच्या मनातून अजून गेलेला नाही.

हे सगळं विजेवर आणि टॉवरवर उभं आहे, हेही आम्ही पाहिलंय. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावात शिरली. वीज गेली, पाठोपाठ फोनच्या बॅटऱ्या संपल्या, आमच्या भागातलं नेटवर्क बसलं. माळ्यावरून माळ्यावर हाका मारून लोक दूध आणि औषधांची चौकशी करत होते. जर्मनीत बसलेल्या मुलीने सांगलीच्या पुराची दृश्यं आमच्या आधी पाहिली. आम्ही जिवंत आहोत एवढंच तिला कळत नव्हतं.

आणि एक बोजा नव्याने आला आहे. पूर्वी फोन करायला कारण लागायचं, आता न करायला लागतं. दोन निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर गेलं नाही, तर मुलगी रुसते आणि व्यापारी दुसरा अडत्या शोधतो. रात्री अकराला राजकोटहून ‘भाव?’ एवढाच मेसेज, पहाटे इरोडहून ‘उठलात का?’. गणपती पेठेतल्या दुकानाला फळ्या होत्या, त्या लावल्या की दिवस संपायचा. फोनमधल्या या दुकानाला फळ्या कुठे लावायच्या ते आम्हाला बराच काळ सुचत नव्हतं.

शेवटी मुलाने आणि मी ठरवलं. रात्री आठनंतर भाव द्यायचा नाही, घ्यायचा नाही. फोन फक्त घरच्यांसाठी. ग्रुपवर तसं लिहून टाकलं. आठवडाभर कुरकुर झाली, एकदोघांनी ‘शेठ, जमाना कुठे चाललाय?’ असं ऐकवलं. मग सगळे साडेसातलाच मेसेज करायला लागले. धंदा काही कमी झाला नाही.