'नाइसली'ची गोष्ट

टोकियोतल्या मराठी घरांत एक इंग्रजी शब्द दिवसभर कानावर पडत असतो, 'नाइसली'! "सिट नाइसली", "ईट नाइसली", "ताईशी टॉक नाइसली". आमच्या निशी-कासाईच्या घरातही हीच रेकॉर्ड चालू असते. मुलं इंग्रजी शाळेत जाणारी, मग दुसरं काय होणार?

गंमत म्हणजे या शब्दाचं कूळ मुळीच 'नाइस' नाही बरं का! 'अजाण' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो आला आणि मध्ययुगीन इंग्रजीत चक्क 'मूर्ख' या अर्थाने वापरला जाई. हळूहळू सुधारला, आणि 'ली'चं शेपूट लावून आमच्या घरी येऊन बसला.

जपानीत शेपूट वेगळं. 'तानोशीई' म्हणजे आनंददायी, 'तानोशिकु' म्हणजे आनंदाने. इथल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत पाटी असते, 'नेहमी किरेई नि वापर करता, त्याबद्दल आभार'. किरेई म्हणजे स्वच्छही आणि सुंदरही. घाण करू नका असा दम नाही, उलट आधीच आभार! बागेतल्या जपानी आया मुलांना 'चान्तो' बस म्हणतात, म्हणजे आपलं 'नीट'. मला तर पहिल्यांदा ते 'छान तो' असंच ऐकू आलं होतं!

आपल्या 'छान'ला मात्र शेपूट लागतच नाही. मुलगी छान, आणि ती गातेही छान. फारच खुशीत असलो तर 'छानपैकी', 'मस्तपैकी'.

एका रविवारी साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला. आमचे सात वर्षांचे चिरंजीव म्हणाले, "आजी, मी नाइसली जेवलो." आजींनी विचारलं, "म्हणजे पोटभर जेवलास, चवीनं जेवलास, की न सांडता जेवलास रे?" चिरंजीव गप्प. त्याला प्रश्नच कळला नाही. पलीकडे आजीही क्षणभर गप्प झाल्या. ती शांतता मला फार लांब वाटली.

'नाइसली' एकटाच आला, पण नीट, पोटभर, चवीनं, प्रेमानं, जपून, निवांत या सगळ्यांना बाहेर काढून बसला. आजीची माया तर याच शब्दांतून नातवापर्यंत पोचते.

आता जेवणाच्या टेबलावर आमचा खेळ असतो. 'नाइसली' म्हटलं की त्या जागी मराठी शब्द सांगायचा. परवा चिरंजीवांनी आजीला सांगितलं, "आज मस्तपैकी वरणभात खाल्ला, पोटभर!" आजींनी लगेच पुढचा प्रश्न विचारला, "लिंबू पिळलं होतंस ना?" आणि गप्पा सुरू झाल्या.

तुम्हीही हा खेळ खेळून बघा. अगदी छानपैकी जमतो!