ठणका गेला, पण दात अजून वाचलेला नाही

उमरोळीत दातांचा दवाखाना चालवताना एक गोष्ट सतत दिसते. रूट कॅनलच्या पहिल्या सिटिंगला लोक अगदी वेळेवर येतात, कारण आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागलेला नसतो. ठणका थांबला की मात्र पुढची तारीख मागे पडते. कुणाची तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट बदलते, कुणाची लावणी सुरू होते, तर कुणाला पहाटेची डहाणू लोकल गाठायची असते. कारणं खरी असतात, पण दात थांबत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक काका आले. रूट कॅनल होऊन आठ महिने झाले होते आणि वर अजूनही तात्पुरतं सिमेंटच होतं. चिंबोरीचा नांगा चावताना वरची उपदाढ तुटली. दुखत काहीच नव्हतं. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "डॉक्टर, आत एक खिळा बसवा आणि वर कॅप टाका. आमच्या भावाला तसंच केलंय."

हा खिळा म्हणजे पोस्ट. त्याबद्दल एक गैरसमज मला रोज ऐकू येतो, की पोस्टमुळे दात मजबूत होतो. तसं होत नाही. रूट कॅनल केलेला दात तुटतो तो मुख्यतः आतून पोकळ झाल्यामुळे. आधी कीड दात खाते, मग आत शिरायला आम्हालाही वाट करावी लागते. पोस्टचं काम एवढंच, की वर बांधलेला नवा भाग, म्हणजे कोअर, धरून ठेवायचा. घराची मेढ छप्पर धरते, पण ती जमीन पक्की करत नाही. म्हणूनच दाताच्या भिंती चांगल्या उरल्या असतील तर पोस्ट लागतच नाही. दाढेत तर बहुतेक वेळा आतल्या पोकळीतच कोअर पकड घेतो. पोस्टची गरज जास्त पडते ती पुढच्या दातांत आणि उपदाढांत.

पूर्वी पोस्ट धातूची असे. स्टील दाताच्या आतल्या भागापेक्षा साधारण दहा पट ताठ असतं. चावताना ते वाकत नाही, सगळा जोर मुळावर येतो आणि मूळ उभं चिरू शकतं. चिरलेला दात सहसा काढावाच लागतो. १९९० च्या सुमारास कार्बन तंतूंची काळी पोस्ट आली, पुढे काचेच्या तंतूंची फिकट रंगाची. बारीक तंतू रेझिनमध्ये घट्ट बांधलेले असतात, कुडाच्या भिंतीत काठ्या आणि शेणमाती एकमेकांना धरतात तसे. ही पोस्ट दाताबरोबर थोडी लवते. फार ताण आला तर बरेचदा पोस्टच निघते किंवा मोडते आणि मूळ वाचतं. मग काम पुन्हा करता येतं.

ती बसवताना मुळातलं भरण थोडं काढतो, पण टोकाकडचं ४ ते ५ मिलिमीटर तसंच ठेवतो, नाहीतर जंतूंना परत वाट मिळते. मग पोस्ट चिकटवायची, कोअर बांधायचा आणि वर कॅप. लाळ लागली तर चिकटणं बिघडतं, म्हणून तोंडात रबराचा पडदा लावतो. तो काढा म्हणू नका.

पण सगळ्यात महत्त्वाचं वेगळंच आहे. कोयत्याच्या लाकडी मुठीला पात्याजवळ लोखंडी कडं असतं. ते नसेल तर मूठ चिरते. कॅप दाताभोवती तशीच बसावी लागते, आणि त्यासाठी हिरडीच्या वर चहूबाजूंनी सुमारे २ मिलिमीटर खरा दात उरलेला हवा. तो नसेल तर महागातली पोस्टही फार काळ साथ देत नाही.

काकांच्या दाताची चीर टाळूच्या बाजूने हिरडीखाली खोल गेली होती. कडं धरायला जागाच नव्हती. दात काढावा लागला. आठ महिन्यांपूर्वी कॅप बसली असती तर कदाचित पोस्टचीही गरज पडली नसती.

तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांपुरतंच असतं. तोवर त्या बाजूने कडक काही चावू नका. रूट कॅनल संपताना डॉक्टरांना विचारा, "हिरडीच्या वर माझा दात किती उरलाय, आणि कॅप कधी बसवायची?" तारीख तिथेच ठरवून घ्या. दिवसपाळी असेल तर संध्याकाळची वेळ मागा, आम्ही देतो.