गणिती सोंवळें

सोंवळेंओंवळें घरांतून कायमचें हद्दपार झालें, अशा समजुतीनें आम्ही शहरवासी मंडळी निश्चिंत असतों. गेल्या वर्षीं तें आमच्या घरीं पुन्हां आलें, आणि तेंहि इस्पितळाच्या छापील कागदावरून. पत्नीच्या गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि कर्करोगामुळें शस्त्रक्रियेनें काढून टाकली होती. मागें राहिलेल्या पेशींच्या नाशासाठीं तिला किरणोत्सर्गी आयोडीन देण्यांत आलें. तीन दिवस इस्पितळाच्या स्वतंत्र खोलींत काढून ती परतली, तेव्हां तो कागद बरोबर होता. निराळें अंथरूण, निराळें ताट, निराळा टॉवेल; कपडे वेगळे धुवावे; शौचकूपांत दोनदां पाणी सोडावें; मोठ्यांपासून तीनचार फूट अंतर ठेवावें; लहान मुलांना व गर्भवतींना जवळ येऊं देऊं नये.

या उपचारामागील युक्ति मोठी चतुर आहे. आयोडीनची हांव थायरॉइडइतकी शरीरांत दुसऱ्या कोणालाहि नाहीं. म्हणून आधीं कांहीं दिवस आयोडीनयुक्त मीठ, मासळी, दूध वर्ज्य करून तिच्या पेशींना उपाशी ठेवावयाचें, आणि मग त्यांच्यापुढें हें जहाल आयोडीन वाढावयाचें! १९४१ सालीं बोस्टन येथें सॉल हर्ट्झ या डॉक्टरानें थायरॉइडच्या अतिरेकी कार्यावर किरणोत्सर्गी आयोडीनचा पहिला उपचार केला. त्यांतील बीटा कण दोनेक मिलिमीटरांपलीकडे जात नाहींत. पेशी मारण्याचें काम मुख्यतः तेच उरकतात. गॅमा किरण मात्र देह भेदून बाहेर पडतात व जवळच्या माणसापर्यंत पोहोंचतात. शिवाय उरलेलें आयोडीन मूत्र, लाळ व घाम यांवाटें बाहेर येतें. कागदावरील प्रत्येक कलमाचा उगम या दोहोंत आहे.

हें सारें मला समजलें होतें. घरांतील तीन वर्षांच्या नातीला तें समजावयाचें कसें? दाराशीं खडूची रेघ ओढली. पोर रेघेच्या अलीकडे उभी राहून आजीला हांक मारी, आणि आजी भिंतीकडे तोंड करून निजल्याचें सोंग करी. निजलेली नाहीं हें मला खांद्यांवरून कळे.

सर्वांत सहजपणें हे नियम पाळले ते माझ्या पंचाऐंशी वर्षांच्या आईनें. ताट दुरून सरकवण्याची तिची हातोटी पाहण्यासारखी होती. "कावळा शिवल्यासारखेंच आहे हें," ती म्हणाली. पत्नीच्या मनाला तें लागलें.

"आई, तुम्हांला त्या चार दिवसांचें कारण कोणी सांगितलें होतें का?"

"नाहीं. विचारायची पद्धत नव्हती."

मग आईनें मला तो कागद मोठ्यानें वाचावयास सांगितलें. मीं वाचला, त्याबरोबर इस्पितळांत ऐकलेलें गणितहि सांगितलें. या आयोडीनची शक्ति दर ८ दिवसांनीं निम्मी होते. ग्रंथीच नसल्यामुळें त्याचा बहुतेक भाग पहिल्या दोनतीन दिवसांतच पाण्यावाटें निघून जातो. भरपूर पाणी पिण्याचा आग्रह त्यासाठींच. अंतर दुप्पट केलें कीं किरण चौथाईवर येतात. (ग्रंथि शाबूत असलेल्या रोग्याला मात्रा थोडी देतात, परंतु ती शरीरांत अधिक दिवस टिकते, तेव्हां शेजारच्या घरचे दिवस आपल्या घरीं मोजूं नयेत.) जें सोंवळें तासातासाला झिजतें त्याचा राग धरणें कठीण आहे. आमच्या समाजानें जी शिवाशीव पाळली, तिला असा क्षय ठाऊक नव्हता. ती जन्माबरोबर चिकटे आणि पिढ्यान्‌पिढ्या गांवकुसाबाहेर तितकीच प्रखर राही.

तथापि गणित सर्वांपर्यंत पोहोंचत नाहीं. उपचारास दोन महिने लोटल्यावर संक्रांतीला एका बाईंनीं पत्नीच्या हातचा तिळगूळ रुमालांत घेतला आणि "घरीं जाऊन खाईन" म्हणाल्या. पत्नी हंसली. रात्रीं मात्र तिनें मला विचारलें, "किती निम्मे झाले असतील आतां?" आम्हीं अंथरुणावर पडून हिशेब केला. नुसत्या काळानेंच शेंकड्यास एक भागहि उरला नव्हता, मग शरीरानें टाकलेलें वेगळेंच.

इस्पितळानें सांगितलेली मुदत आठव्या दिवशीं संपली होती. त्या सकाळीं रेघ नातीनेंच पायानें पुसली. निराळें ठेवलेलें ताट आईनें घांसून इतर ताटांत मिसळलें आणि दुपारीं स्वतःला वाढून घेतलें तें त्यांतच. तें तेंच होतें, हें काठावरील पोंच्यावरून मीं ओळखलें.