कपाटातलं कार्ड

दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडतो त्याच सुमारास कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि माझा फोन वाजायला लागतो. कित्येक महिने बंद असलेलं पॅनेल चालू करायला जावं तर ते उठत नाही. आतला पीएलसी कंपनीने कधीच बंद केलेला असतो. सेंट्रीफ्युगल कधी वेगात फिरवायचं, साखरेवर पाणी कधी मारायचं, ती खरवडून खाली कधी पाडायची, हे सगळं ठरवणारा हा छोटा संगणक. अशा बंद झालेल्या यंत्रणांचे भाग शोधणं, तपासणं आणि बसवणं हा माझा धंदा.

त्यात सर्वांत जास्त काम येतं ते सीमेन्सच्या सिमॅटिक एस५चं. १९७९ साली आलेली ही मालिका काढून टाका, असं मी सहसा सांगत नाही. चालतंय ते चालू द्यावं, या मताचा मी आहे. ‘पण साहेब, भाग मिळत नाहीत ना!’ असं हमखास ऐकू येतं. भाग मिळतात. मिळालेला भाग आपल्याच यंत्राचा आहे का आणि तो जिवंत आहे का, हे बघणारं माणूस मात्र सहजी मिळत नाही.

कंपन्या हे भाग बनवणं हौसेने थांबवत नाहीत. त्यांना लागणाऱ्या चिपाच बंद होतात. इंटेलने ३८६चं उत्पादन २००७मध्ये थांबवलं. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २००६पासून, युरोपात शिशाच्या सोल्डरवर बंधन आलं. त्यातून काही औद्योगिक उपकरणांना सूट होती, पण जुन्या डिझाइनचं कार्ड पुन्हा नव्याने आखण्यापेक्षा ते बंद करणंच अनेकांना परवडलं. यातून कुणीच सुटत नाही. स्पेस शटलच्या बूस्टरची चाचणी घेणाऱ्या उपकरणांसाठी ‘नासा’वाल्यांना २००२मध्ये ८०८६ चिपा जुन्या बाजारात आणि इंटरनेटच्या लिलावात शोधाव्या लागल्या होत्या.

आपल्याकडचा मोठा झरा म्हणजे अलंग. गुजरातच्या त्या किनाऱ्यावर १९८३पासून जहाजं तुटताहेत, आणि त्यांच्या इंजिनरूममधली नियंत्रण कार्डं भावनगरच्या व्यापाऱ्यांकडे पोहोचतात. जहाजावरचा माल एरवी चांगल्या बनावटीचा असतो, पण खारी हवा खाल्लेला. मी आधी कनेक्टरच्या पिना भिंगाखाली बघतो. तांब्यावर हिरवा थर दिसला की भाव ऐकायचीसुद्धा गरज नाही. पुण्याजवळच्या कुदळवाडीतही कारखान्यांचं भंगार यायचं. फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने तिथली गोदामं पाडली आणि माल चहूकडे पांगला. एखादी चिप किंवा रिले हवा असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच.

खरेदी विभागाचा नियम असतो तीन कोटेशनांचा. नव्या मालासाठी तो ठीक आहे. बंद झालेल्या कार्डासाठी तो महागात पडतो. तीन पुरवठादार एकाच कार्डाच्या मागे लागतात आणि बहुतेक वेळा एकाच दलालाला फोन करतात. दलालाला वाटतं, बाजारात तीन गिऱ्हाइकं आली, आणि भाव चढतो. त्यात हंगाम चालू असला तर काही बोलायलाच नको. अड्ड्यावर उसाच्या गाड्या उभ्या असतात, तोडलेला ऊस वाळत असतो. अशा वेळी घासाघीस कोण करणार? म्हणून भाग शोधायचे ते ऑफ सीझनला, शक्यतो एकाच माणसाकरवी.

आता नंबर. एस५-११५यूच्या सीपीयू ९४३वर शेवटी ७यूबी११ लिहिलेलं असतं किंवा ७यूबी२१. फरक एका अंकाचा. पण २१ला दोन सिरियल पोर्ट आहेत, ११ला एकच. ज्या यंत्रावर ऑपरेटरचा डिस्प्ले दुसऱ्या पोर्टला जोडलाय, तिथे ११ आणलात तर यंत्र फिरेल, पण माणसाला काही दिसणार नाही. ‘सीपीयू ९४३, एक नग’ अशी ऑर्डर आली की मी आधी पॅनेलमधल्या लेबलचा फोटो मागवतो, त्याशिवाय कोटेशन देत नाही.

‘आमच्याकडे स्पेअर आहे, पॅकबंद आहे,’ असं अभिमानाने सांगितलं जातं तेव्हा मला धास्ती वाटते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर नुसता पडूनही म्हातारा होतो. त्याच्या आतला ऑक्साइडचा थर वीज न मिळाल्याने कमकुवत होत जातो. वर्षानुवर्षं पडलेल्या पॉवर सप्लायला एकदम २३० व्होल्ट दिले की कपॅसिटर फुटू शकतो, त्यामुळे व्हेरियाकने व्होल्टेज हळूहळू चढवावं लागतं. चालू पॅनेलमध्ये वेगळीच कथा. तिथे तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ज्या पॅनेलचा पंखा बंद आणि दार सताड उघडं, त्याच्या कार्डांना मी दुरुस्तीआधीच कपॅसिटर बदलायला सांगतो. कपाटातलं प्रत्येक कार्ड वर्षातून एकदा खऱ्या यंत्रावर चालवून बघावं. ते केलेलं नसेल तर त्याला स्पेअर म्हणू नये.

शिवाय कार्ड कोरं असतं. ११५यूमध्ये प्रोग्रॅम ईप्रॉमवर नसेल तर तो लिथियम बॅटरीच्या जिवावर असतो, आणि ती बॅटरी पॉवर सप्लायमध्ये बसते. ती बदलायची ती वीज चालू ठेवून. वीज बंद करून नीटनेटकं काम करणारा एखादा इलेक्ट्रिशियन त्या नीटनेटकेपणात अख्खा प्रोग्रॅम पुसून टाकतो. परत भरायचा म्हटलं तर २० मिलिअँपिअर करंट लूपची केबल, स्टेप ५ चालवणारा संगणक आणि मुळात प्रोग्रॅमची प्रत हवी. ती प्रत लिहिणाऱ्याने नेलेली असते, नाहीतर फ्लॉपीवर असते.

आता पाळी एस५नंतरच्या एस७-३०० मालिकेची. तिचं टप्प्याटप्प्याने बंद होणं ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालं आहे; भाग २०३३पर्यंत देऊ, असं सीमेन्स सांगते. ‘मग बराच वेळ आहे की,’ असं चीफ इंजिनिअर म्हणतात. वेळ आहे, पण त्यांच्या प्रोग्रॅमची प्रत कुठे आहे ते मी विचारतो, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. या पीएलसीत कॅमेऱ्याच्या कार्डासारखं दिसणारं एक मेमरी कार्ड असतं आणि प्रोग्रॅम त्यावर राहतो. ते लॅपटॉपमध्ये घालून विंडोजने फॉरमॅट करू नका. त्या कार्डावर एक लपलेली माहिती असते, ती पुसली गेली की पीएलसी त्याला ओळखत नाही, आणि नवं कार्ड मेमरी कार्डाच्या दुकानात मिळत नाही.