सुरतेच्या वाटेवरची कुरकुर

सुरतेला जाण्याचे आमचे प्रयोजन अगदी घरगुती होते. आमच्या भाचीचे बिऱ्हाड जावयाच्या हजिऱ्यातील नोकरीमुळे सुरतेस हलले होते, आणि तिचे कपाट, शिवणयंत्र, दोन पलंग व आईने दिलेली पितळेची भांडी वसईहून तिकडे पोचवायची होती. आमच्या शेजाऱ्यांपाशी एक जुनी पिकअप आहे. एरवी ती पहाटे तीन वाजता चाफा, मोगरा आणि केळीची पाने घेऊन दादरच्या बाजारास जाते. त्या गाडीवर सहा माणसांचे पोट आहे. ती त्यांनी आम्हांस दोन दिवसांकरिता दिली. इतकेच नव्हे, तर थोरल्या मुलास सारथी म्हणून सोबत धाडले. मागून आणलेली वस्तू जशीच्या तशी परत करण्याची जी धास्ती मनाला लागते, ती वाचकांनी केव्हा ना केव्हा अनुभवली असेलच.

शिरसाडच्या नाक्यावर महामार्गास लागण्यापूर्वीच गाडी कुरकुरू लागली. लहान खड्डा आला की मागच्या डाव्या चाकापाशी ‘कुईं’ असा स्वर निघे, मोठा आला की तोच स्वर लांबत जाई. आमच्या लहानपणी वाडीवाडीतून रहाट चालत, त्यांचा करकर आवाज ऐकत आम्ही झोपी जात असू. परंतु रहाट एका जागी फिरतो आणि त्याच्यावर बसून कोणी सव्वादोनशे किलोमीटर जात नाही. मुलगा मात्र निर्धास्त होता. “काका, ही नेहमीचीच बडबड,” तो म्हणाला.

पूर्वी ज्याला आठ क्रमांकाचा म्हणत आणि आता अठ्ठेचाळीस क्रमांकाचा म्हणतात, त्या महामार्गाने मनोर, चारोटी, तलासरी ही गावे मागे पडली. वैतरणा ओलांडली, सूर्या ओलांडली. पुढे गुजरातेत शिरल्यावर वापीपाशी दमणगंगा आली. या वाटेवर नद्या मोजीत जाण्यात एक मौज आहे. पण त्या दिवशी प्रत्येक पुलाचा सांधा आमच्या कानांना अगोदरच कळत होता, आणि मौज कसली ती उरली नाही. वलसाडच्या अलीकडे एका गॅरेजापाशी आम्ही गाडी उभी करावयास लावली. तेथील माणसाने वाकून पाहिले, डब्यातले काळे, वापरून टाकलेले इंजिन तेल कुंचल्याने पाट्यांच्या टोकांवर चोपडले आणि पन्नास रुपये घेतले. आवाज तत्क्षणी थांबला. आम्ही त्याचे आभारही मानले! नवसारीस पूर्णा नदी ओलांडीपर्यंत गाडी गुमान चालली. नंतर तीच कुरकुर परत आली, आणि या वेळी तिच्या मागोमाग एक बोथट ठोकाही ऐकू येऊ लागला.

रात्री अडाजणला सामान उतरविले. सकाळी जावयांनी सांगितले, “मामा, असल्या कामाला उधन्याकडे जा. तिथे टेम्पोवाल्यांचे मिस्त्री बसतात.” तापी ओलांडून आम्ही शहराच्या दक्षिण बाजूस निघालो. रिंग रोडवरील कापडबाजाराचा परिसर येताच दोहों बाजूंस टेम्पोच टेम्पो दिसू लागले. कोऱ्या कापडाचे तागे आणि पोत्यांत शिवलेले गठ्ठे इतके रचलेले, की मागचे पाटे सरळ होऊन उलटे वळू पाहत होते. (टेम्पो हा शब्द आपण आता आपलाच मानतो, तो मूळचा एका जर्मन कारखान्याचा. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने त्या नावाच्या तीनचाकी गाड्या आपल्याकडे रूढ केल्या. कंपनीचे नाव २००५ मध्ये बदलले, शब्द मात्र तसाच राहिला.) ज्या शहरात कापड रात्रंदिवस विणले जाते आणि रात्रंदिवस वाहिले जाते, त्या शहरात पाट्यांचे वैद्य मिळावेत यात नवल नाही.

सुरत म्हटली की मराठी मनुष्यास १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. पण त्यानंतरही मराठी माणसे सुरतेस येतच राहिली, आणि ती काही घेऊन जाण्यासाठी नव्हे, तर राबण्यासाठी. विसाव्या शतकाच्या आरंभी तापी खोऱ्यातून सुरत-अमळनेर रेल्वे धावू लागली. त्याच मार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसे यंत्रमागांवर आली. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आज बाजारहाट करताना मराठी आणि अहिराणी सहज कानावर पडते. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते.

आमचे मिस्त्रीही नंदुरबारकडचेच निघाले. पन्नाशी उलटलेले, सडपातळ, कानावर पेन्सिल खोचलेली. आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच ते म्हणाले, “गाडी रडस, भाऊ.” गाडी रडते आहे! शेजारी कोणी पत्रा ठोकीत होते, रस्त्यावर कर्णे वाजत होते, पलीकडच्या शेडमधून मागांची खटखट अखंड चालली होती. त्या गोंगाटात यांनी आमची कुरकुर कशी टिपली, याचे आम्हांस आश्चर्य वाटले. ते कळले पुढे बोलता बोलता. पूर्वी ते यंत्रमागावर होते. शेडमध्ये कितीतरी माग एकाच वेळी चालत असले, तरी त्यांतल्या एकाचा ठेका चुकला की कारागिराच्या कानास आधी कळते, डोळ्यास मागाहून. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली, तेव्हा त्यांची शेड बंद पडली. पोटासाठी ते एका गॅरेजात टेम्पोंच्या पाट्यांतला चिखल खरवडण्याच्या कामास लागले, आणि पुन्हा मागाकडे गेले नाहीत.

त्यांची परीक्षा पाहण्याजोगी होती. गाडी सपाट जागी उभी करून त्यांनी आमच्या सारथ्यास मागच्या फाळक्यावर उभे केले आणि झोका घेतल्यासारखे खालीवर होण्यास सांगितले. स्वतः खाली निजून एकेका बुशावर हाताची बोटे टेकविली. आवाज लोखंडातून फिरतो, कान फसतो, पण ज्या बुशात दोष असतो तो बोटांखाली थरथरतो. मग एका बाटलीतून त्यांनी एका वेळी एकाच बुशावर साबणाचे पाणी सोडले. पुढच्या बुशावर सोडले, कुरकुर चालूच. मागच्या बुशावर सोडले आणि आवाज गप्प झाला. “हा पाहा तुमचा रडका,” ते म्हणाले.

आम्ही वलसाडकडील तेलाची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी कपाळास हात लावला. पाट्याचे टोक वळवून जो गोल डोळा केलेला असतो, त्यात हा बुश बसतो. मोठ्या मालमोटारींत तो पुष्कळदा पितळी असतो, त्यात पिन फिरते, आणि म्हणून त्याला वेळोवेळी ग्रीस पाजावे लागते. आमच्या गाडीतला रबरी होता. लोखंडाच्या दोन नळ्या, एकीत दुसरी, आणि मधल्या पोकळीत दाबून बसविलेले रबर. बाहेरची नळी डोळ्यात पक्की, आतली बोल्टाने आवळलेली. पाटा हलतो तेव्हा रबर घासत नाही, पिळते. भार हलका झाला की पीळ सोडते. घासायचेच नाही, तर तेल कशास? ज्या अर्थी तो कुरकुरतो, त्या अर्थी रबर सुटले आणि घसरू लागले. त्यात नैसर्गिक रबर आणि खनिज तेल ही दोन्ही मुळात कार्बन व हायड्रोजन यांचीच. रबर ते तेल पिऊन फुगते आणि मऊ पडते. आमचे पन्नास रुपये असे सत्कारणी लागले होते.

“बुश बदलतो. पण तो ठोका मला आवडत नाही,” मिस्त्री म्हणाले. “सगळा पाटा उतरवू. संध्याकाळ होईल.”

येथे खरी अडचण उभी राहिली. दुपारी परत निघून दुसऱ्या पहाटे तीनला फुले घेऊन दादरला जावयाचे, असा मुलाचा बेत होता. एक खेप चुकली तर त्या दिवसाची मिळकत बुडणार, आणि फुले कोणासाठी थांबत नाहीत. तो म्हणू लागला, नुसता बुश बदला, बाकीचे पुढे पाहू. शेवटी आम्हीच त्याच्या वडिलांस फोन लावला. पलीकडून क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, “मिस्त्री काय म्हणतो?” आम्ही सांगितले. “मग उतरवा पाटा. पैसे माझे; गाडी माझी आहे. पोराला तेवढे जेवू घाला.”

जॅक लावून चेसिसला लाकडी ठोकळ्यांचा आधार दिला, चाक काढले, यू-बोल्ट सोडले. जुना बुश हलेना. तो हातकरवतीने आतून हळूच चिरून काढावा लागला. कोणी कोणी अशा वेळी रबर जाळून टाकतात. “धूर कोणी खायचा?” असे म्हणून यांनी ते टाळले. मग पाटे सुटे करून प्रत्येकावर तारेचा ब्रश फिरविला. मुख्य पाटा गंज झाडून उजेडात धरला, तेव्हा मध्यभागीच्या बोल्टाच्या भोकापासून कडेकडे गेलेली केसाएवढी काळी रेघ दिसली. मिस्त्रींनी तीवर नख फिरविले आणि पाटा आमच्या हातात दिला. चाकांचा आस या पाट्याने जागेवर धरलेला असतो. तो भरल्या गाडीखाली तुटला असता तर मागची चाके तिरपी फिरली असती. आणि ही गाडी रोज काळोखात भरधाव मालमोटारींच्या रांगेतून दादरला जाते.

“हा फुलांनी नाही तडकत,” मिस्त्री मुलाकडे पाहत म्हणाले. “काय भरतोस?”

मुलगा काही बोलला नाही. पाटा आणावयास मिस्त्री दुकानाकडे गेले, तेव्हा चहा पिता पिता तो आमच्याजवळ हळूच बोलला. एका मित्राच्या घराचे काम चालले होते. दुपारी गाडी रिकामी उभी असे. चार-पाच खेपा रेतीच्या टाकल्या होत्या. वडिलांस ठाऊक नव्हते. “काका, तुम्ही सांगू नका,” तो म्हणाला. आम्ही हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. समोरून कापडाने लादलेला एक टेम्पो करकरत गेला, तिकडे आम्ही दोघे पाहत राहिलो.

नवा पाटा आणि नवे बुश आले. बुश साबणाच्या पाण्याने ओला करून शिकंज्यात दाबून बसविला. पाट्यांच्या मध्ये ग्राफाइटचे ग्रीस लावले, रबरापासून मात्र ते दूर ठेवले. शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. बुशांचे बोल्ट त्यांनी आधी नुसते बोटांनी लावले. चाक बसविले, जॅक काढला, गाडीचा भार जमिनीवर येऊ दिला, मुलास दोनदा झोका घ्यावयास लावले आणि मगच पाना लावून बोल्ट आवळले. अधांतरी असताना आवळले तर गाडी खाली येताच रबरास जन्माचा पीळ बसतो आणि थोड्याच महिन्यांत ते फाटते. “घाईत सगळे इथेच चुकतात,” ते म्हणाले. काही शे किलोमीटर धावल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावयास सांगून त्यांनी बिल लिहिले.

आम्ही रात्री निघालो. पूर्णा, अंबिका, औरंगा, पार सगळ्या नद्या ओलांडल्या. पुलांचे सांधे चाकांखालून गेले, पण पाट्याने तोंड उघडले नाही. मुलगाही फारसे बोलला नाही. वसईस पोचेतो तीन वाजून गेले होते. शेजारी कंदिलाएवढ्या दिव्याखाली ओट्यावर बसून होते. फुलांच्या टोपल्या त्यांनी दुसऱ्याच्या गाडीतून रवाना केल्या होत्या. गाडी अंगणात वळताना त्यांनी मान तिरपी करून ऐकले. मग जवळ येऊन मागे ठेवलेला जुना पाटा उचलला, रेघेवर अंगठा फिरविला आणि विचारले, “हा कशाने तडकला?”

आम्ही मुलाकडे पाहिले. त्याने गाडीचे दार लावले, किल्ली वडिलांच्या हातात दिली आणि म्हणाला, “बाबा, रेतीने.”