कारवानीला कागद कोण देणार?

दोन-तीन आठवड्यांपूर्वी ओळखीतला एक पोरगा भेटायला आला. म्हणाला, "काका, अठरा हजाराला लॅब्राडोरचं पिल्लू घेतलंय. डॉग शोला उतरवायचंय. सुरुवात कुठून करू?"

मी विचारलं, "कागद आहेत का?"

"ओरिजिनल आहे म्हणला की विकणारा!"

मंडळी, आपल्या तालुक्याच्या गावात हे आता घरोघरी दिसतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॉग शो म्हणजे सगळ्यात देखणं कुत्रं निवडायची स्पर्धा, असा आपला समज. तसं नसतं. प्रत्येक जातीचं एक लेखी मानक असतं. डोकं कसं, दात कसे जुळावेत, छाती किती खोल, चाल कशी, हे सगळं त्यात असतं. तुमचं कुत्रं त्या मानकाच्या किती जवळ जातं, हे परीक्षक बघतो. आधी वयाप्रमाणे वर्ग, मग जातीत पहिला, मग गटात पहिला आणि शेवटी 'बेस्ट इन शो'.

आपल्याकडं ही नोंद ठेवणारी जुनी संस्था म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया. १८९६ ची संस्था, मुख्यालय चेन्नईत. तिथली नोंदणी आणि मायक्रोचिप असेल तरच तिच्या जातिवंत वर्गात कुत्रं उतरवता येतं. म्हणजे पिल्लू घेतानाच आई-बापाचे नोंदणी कागद बघायचे. 'नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून घ्यायचंच नाही. आणि हो, २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आपल्या बाजारपेठेत हे कोण पाळतं, तुम्हीच सांगा.

पोरगा हिरमुसला. बिनकागदाचं लॅब्राडोर काही वाईट कुत्रं नाही, जीव लावतंच. पण रिंगणात त्याला जागा नाही. मग मी त्याला विचारलं, "तुझ्या आजोबांकडं शेतात ते कारवानी आहे ना?"

"ते होय? ते तर गावठी."

इथं मात्र मला राहवलं नाही. अरे बाबा, कारवानी म्हणजे गावठी नव्हे. लांबट निमुळतं डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, वाऱ्यासारखा पळ. कानाला-शेपटीला लांब केस असले की त्याला पश्मी म्हणतात. हीच जात सीमेपलीकडं कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जाते. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. लष्करानं ते प्रशिक्षणाला घेतलं. पंतप्रधानांनी २०२० मध्ये 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. आणि आपण त्याला शेतात साखळीला बांधून अठरा हजार दुसरीकडं देतो.

वंशावळ नसलेल्या देशी जातींच्या कुत्र्यांना परीक्षकांकडून तपासून घेऊन नोंद करायची वाट असते. क्लबला विचारायचं, शो कुठं आहे ते बघायचं, कुत्रं घेऊन जायचं. तयारी तीन गोष्टींची. एक, लसीकरणाचं कार्ड. डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीज पूर्ण झाल्याशिवाय शंभर कुत्र्यांच्या गर्दीत पिल्लू न्यायचंच नाही. दोन, सैल दोरीवर एका लयीत दुडकी चाल, आणि थांबल्यावर चारी पाय नीट ठेवून उभं राहणं. रोज दहा मिनिटं पुरतात. तीन, आणि कारवानीला हेच अवघड, परक्याचा हात लागू देणं. हे कुत्रं मुळात अलिप्त. परीक्षक तोंड उघडून दात बघतो, अंगावरून हात फिरवतो. त्यामुळं लहानपणापासून शेजारी-पाजारी, पाहुणे, सगळ्यांकडून हात लावून घ्यायची सवय करायची.

आजोबांना हे सगळं सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "पत्रकार, कुत्र्याची परीक्षा रानात व्हायची. सशामागं सोडलं की कळायचं." खरंय. पण वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ती बंद झाली ते बरंच झालं. प्रश्न असा की काम गेल्यावर जात कोण राखणार? जास्त पळावं म्हणून ग्रेहाउंडशी संकर करणारे गावोगाव आहेत. दोन पिढ्यांनी कारवानी म्हणून जे दिसेल ते कारवानी नसेल. नोंद आणि रिंगण हा त्यावर एक उपाय आहे. एकमेव नाही, पण हाताशी असलेला.

म्हणून एक मागणी. माळेगावच्या यात्रेत जिल्हा परिषदेचं पशु, अश्व, श्वान, कुक्कुट प्रदर्शन भरतं. तिथं कारवानी-पश्मीचा वेगळा वर्ग ठेवा, जाणकार परीक्षक बोलवा, मायक्रोचिप आणि रेबीज लसीचा एक टेबल लावा. खर्च फार नाही. गुरं राखणाऱ्या, शेतात राहणाऱ्या माणसाला चेन्नईला कागद पाठवायला सांगण्यापेक्षा कागदच त्याच्यापर्यंत येऊ द्या.

पोरगा सध्या लॅब्राडोर सांभाळतोय आणि आजोबांच्या कुत्रीला दोरीवर चालायला शिकवतोय. ती अजून कुणाला दात बघू देत नाही!

तुमच्या गावात, वस्तीवर चांगली कारवानी असेल तर गावाचं नाव कमेंटमध्ये लिहा. यादी झाली की निवेदन घेऊन जाऊ.