पडवीचं छप्पर पडद्यावर

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड भागातल्या वाड्या आडव्या झाल्या. माड आणि पोफळी घरांवर पडल्या, पत्रे उडाले, कौलांचा चुरा झाला. दिवेआगरचं आमचं घर चिऱ्याचं. भिंती टिकल्या, छप्पर गेलं. त्या वर्षी मिळतील ते पत्रे टाकून पावसाळा निभावला. पण काकांच्या मनात पुन्हा कौलंच चढवायची होती, तीही सगळे वासे बदलून. घराचा नकाशा असा कुणीच कधी काढलेला नव्हता. मी पनवेलला आरेखनाचं काम करते, म्हणून काका म्हणाले, "अगं, तू काढून दे. कागद हातात आला की मिस्त्रीला बोलावतो."

घराचे आराखडे काढायची सॉफ्टवेअर आता कुणालाही मिळतात, त्यातली काही फुकटही आहेत. वादळानंतर आमच्या नात्यातल्या आणि ओळखीतल्या कितीतरी जणांनी ती उतरवून घेतली आणि अडले की मला फोन केले. भिंत जुळत नाही, छप्पर भलतंच येतं, नावांच्या जागी चौकोन दिसतात. प्रत्येकाला वाटत होतं की प्रोग्रॅम बिघडलाय किंवा आपला संगणक जुना आहे. माझा अनुभव असा की दहातल्या नऊ वेळा काहीच बिघडलेलं नसतं. ज्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर काटकोनातली, सपाट जमिनीवरची, एका उंचीच्या भिंतींची घरं होती. जोतं, पडवी, माजघर, दोन उतारांचं छप्पर हे त्याला आपण एकेक करून सांगावं लागतं. काकांच्या घराचा आराखडा काढताना हे मला जितकं नीट कळलं तितकं ऑफिसातल्या कामात कधी कळलं नव्हतं.

सुरुवात मापांपासून. दिवेआगरचा मिस्त्री फूट, इंच आणि सुतात बोलतो. एका इंचाची आठ सुतं. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर. खाजगी मोजणीवाल्याने दिलेली फाईल मीटरमध्ये, आणि चुलतभावाने कुठूनतरी उतरवलेले दारं-खिडक्यांचे तयार नमुने इंचात. मिलिमीटरच्या आराखड्यात तो ३६ इंची दरवाजा आणला की ३६ मिलिमीटरचा होऊन कोपऱ्यात ठिपक्यासारखा पडतो आणि माणूस तो शोधत बसतो. अशा वेळी मी एकच करते. ज्याचं खरं माप माहीत आहे अशी एक वस्तू मोजते आणि भागाकार करते. फरक २५.४ पट आला तर इंच आणि मिलिमीटरची गल्लत आहे, ३०४.८ पट आला तर फूट आणि मिलिमीटरची, १००० पट आला तर मीटर आणि मिलिमीटरची. उत्तर मिळालं की तेवढ्या पटीने वाढवायचं, आणि हे काम घराची पहिली भिंत काढण्याआधी उरकायचं.

मोजणीच्या फाईलने दुसराच प्रश्न उभा केला. त्यात आमच्या वाडीची हद्द तिच्या पृथ्वीवरच्या खऱ्या जागी होती, म्हणजे उत्तरेकडचा आकडा विषुववृत्तापासून मोजलेला. आपल्या भागात तो वीस लाख मीटरांच्या पुढे जातो. मिलिमीटर केले की दोन अब्जांच्या वर. त्या जागेवर घर काढायला घेतलं तर रेषा थरथरायला लागल्या. जवळ जाऊन पाहिलं की भिंतीचा कोपरा तुटलेला, सरळ रेषेला पायऱ्या पडलेल्या. बरेच प्रोग्रॅम आकडे साठवताना पुरेशी अचूकता राखतात, पण चित्र पडद्यावर उमटवताना कमी अचूकतेच्या आकड्यांवर काम भागवतात. त्या आकड्यांना साधारण सात अंकच नीट पेलतात. दोन अब्जांपर्यंत गेलं की दोन लगतच्या आकड्यांमधलं अंतर १२८ होतं. म्हणजे पडद्याला पाच इंचांहून बारीक काही कळतच नाही, आणि आमची अख्खी भिंत दहा इंचांची! उपाय सोपा आहे. हद्दीचा एक कोपरा शून्यावर आणायचा, सगळं चित्र त्याच्याबरोबर सरकवायचं आणि किती सरकवलं ते आकडे चित्रातच एका बाजूला लिहून ठेवायचे. पुढे कधी ते मोजणीच्या नकाशावर बसवायचं झालं तर तेच आकडे उलटे वापरता येतात. कुणाचा आराखडा विनाकारण थरथरत असेल, भराव बसत नसेल, तर मी आधी हेच विचारते: तुमचं घर शून्यापासून किती लांब आहे?

पुढची अडचण काटकोनाची, आणि तिचं मूळ जुनं आहे. इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीत स्केचपॅड हा प्रोग्रॅम केला. संगणकावर आरेखनाची सुरुवात तिथून मानतात. पडद्यावर प्रकाशलेखणीने काढलेल्या रेषा एकमेकींना समांतर किंवा काटकोनात बांधून ठेवायची सोय त्यात तेव्हाच होती. आजच्या प्रोग्रॅमांतही तीच सोय बहुतेक वेळा चालू असते, आणि नव्या घराला ती उपयोगीच पडते. जुन्या घराचं तसं नाही. काकांच्या माजघराच्या समोरासमोरच्या भिंती दोन इंचांनी लहानमोठ्या आहेत. प्रत्येक भिंत काटकोनातच काढायची म्हटली की शेवटच्या कोपऱ्यात फट राहते, मग प्रोग्रॅम त्याला खोली मानत नाही, जमीन भरत नाही, क्षेत्रफळ देत नाही. चार बाजू कितीही नीट मोजल्या तरी चौकोन पक्का होत नाही. त्याला कर्ण लागतो. काका टेपचं एक टोक धरून उभे राहिले, मी दुसरं. दोन कर्णांत पाच इंचांचा फरक निघाला. मागची भिंत एका टोकाला चार इंच तिरकी होती. मग काटकोनाची सोय बंद केली, दोन कोपऱ्यांवरून मापाएवढी दोन वर्तुळं काढली आणि ती जिथे छेदतात तिथे तिसरा कोपरा ठेवला. फट गेली. ती तिरकी भिंत कागदावर सरळ दाखवली असती तर सगळे वासे एका मापाचे कापले गेले असते आणि एका टोकाला भिंतीवर टेकायला कमी पडले असते.

खरं काम छपराचं. मी सगळ्या बाहेरच्या भिंती निवडल्या आणि छप्पर काढायची आज्ञा दिली तेव्हा पडद्यावर जे उभं राहिलं ते कोकणातलं घर नव्हतं. पडवी आणि माजघर दोन्ही एकाच उंचीचे धरून त्याने चारही बाजूंनी उतार दिला होता आणि आढं पडवीच्या बाजूला सरकलं होतं. पडवीची भिंत म्हणजे बाहेरची भिंत, म्हणजे छपराची कड, असा त्याचा हिशेब. तिथे एकामागून एक आज्ञा रद्द करून पुन्हा द्यायला माणूस लागतो. हा प्रश्न तसा सुटत नाही. मी छप्पर काढून टाकलं आणि घराचे दोन भाग केले. माजघराला वेगळं दुपाखी छप्पर, भिंतीचा माथा साडेदहा फुटांवर. पडवीला वेगळं एकपाखी, मुख्य भिंतीला नऊ फुटांवर टेकलेलं. माजघराच्या दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींना उतार नाही हे वेगळं सांगितलं. छपराच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हाच सल्ला देते: एका आज्ञेत सगळं मागू नका, एकेक पाखं स्वतंत्र काढा.

उताराचं बोलणं मिस्त्रीच्या तोंडी असं होतं: "ताई, दहा फुटाला सहा फूट उठाव ठेवा. जुनं तसंच होतं." प्रोग्रॅमला अंश हवे होते. दहाला सहा म्हणजे ३१ अंशांना अगदी किंचित कमी. सोयीसाठी कुणी ३० टाकतं, आणि आढं पावणेतीन इंचांनी खाली येतं. शिवाय उतार कुठून मोजायचा हा प्रश्न राहतोच. चिऱ्याची नऊ इंची भिंत गिलाव्यासकट दहा इंचांची होते. काही प्रोग्रॅम भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून उतार धरतात, काही मध्यरेषेपासून. फरक पाच इंचांचा, आणि दहाला सहा या उतारावर तो आढ्यापाशी तीन इंच होतो. मी एक वासा वेगळा काढून मिस्त्रीच्या हिशेबाशी पडताळला. अर्धा गाळा दहा फूट, उठाव सहा फूट, वळचण बाहेर दोन फूट. वासा चौदा फुटांचा. कागदावर त्यांनी पेन्सिलीने लिहिलेलंही चौदाच. तेव्हा कुठे मला त्या चित्रावर विश्वास ठेवावासा वाटला.

पडवीचं चित्र काकांना दाखवलं तर ते नाराज झाले. घरात फिरून पाहायची जी सोय असते तीत डोळा साडेपाच फुटांवर धरलेला होता. पडवीचा उतार दहाला चार, रुंदी सात फूट, वर दीड फूट वळचण. कड जमिनीपासून पाच फूट सात इंचांवर येत होती. डोळ्यासमोर नुसती कौलांची कड आणि वासे. काका म्हणाले, "एवढं बुटकं नव्हतं गं आपलं घर. अंगण दिसायचं." मिस्त्री शेजारीच होते. ते म्हणाले, "काका, तुम्ही पडवीत उभे कधी असता? बसलेलेच असता की." मी डोळ्याची उंची अडीच फुटांवर आणली, म्हणजे चटईवर बसलेल्या माणसाची. वळचणीखालून अख्खं अंगण उघडं झालं, तुळशीवृंदावन, त्याच्या पलीकडे वाडीची वाट. काका बराच वेळ ते पाहत होते.

वळचण इतकी खाली का असते ते त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही वाऱ्याबरोबर तिरका. रुंद आणि खाली आलेली वळचण भिंत आणि पडवीची जमीन कोरडी ठेवते. पण निसर्ग वादळात सगळ्यात आधी उचललं गेलं तेही हेच. भिंतीबाहेर आलेल्या भागाला वारा खालून रेटतो आणि वरून ओढतो. वळचण जितकी लांब तितकी ती उचकटायला सोपी. पाऊस लांब वळचण मागतो, वादळ आखूड. कुठलंही घरगुती सॉफ्टवेअर याचं उत्तर देत नाही, कारण त्याच्या छपराला वारा लागतच नाही. मिस्त्री आणि मी पडवीची वळचण एक फुटावर आणली. कड पाच फूट दहा इंचांवर गेली. खांब आणि वासा यांना लोखंडी पट्टीने बांधायचं ठरलं, आणि ती पट्टी मी प्रत्येक खांबापाशी वेगळी काढली. अर्ध्या फुटाने जास्त पाऊस आत येईल हे काकांना सांगितलं. ते कबूल झाले.

देवनागरीचा घोळ मात्र लवकर मिटला. खोल्यांची नावं मराठीत लिहिली तर जुन्या धाटणीच्या रेघांच्या फाँटमध्ये चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात, त्यात देवनागरी अक्षरंच नसतात. युनिकोड फाँट निवडला की अक्षरं दिसतात, फक्त 'स्वयंपाकघर'सारख्या शब्दात जोडाक्षर फुटतंय का ते बघून घ्यायचं. छपाईच्या दुकानात तो फाँट नसेल तर सगळं पुन्हा बिघडतं, म्हणून फाँट आत बसवलेली पीडीएफ करूनच न्यायची. नावं इंग्रजीत लिहिणं सोपं पडलं असतं, पण तो कागद सुताराच्या हातात जायचा होता.

छपाईतच सगळ्यात महाग पडणारी अडचण असते. दुकानदार 'कागदावर बसवा' हा पर्याय ठेवतो, चित्र थोडं लहान होतं, आणि एकास शंभरचं प्रमाण कुठल्याकुठे जातं. मिस्त्री कागदावर पट्टी ठेवून माप काढणारच. मी आता प्रत्येक आराखड्यात खाली दहा फुटांची एक पट्टी काढून ठेवते. कागद लहान झाला तर तीही त्याच प्रमाणात लहान होते, आणि तिच्यावरून माप काढलं तर चुकत नाही. शिवाय प्रत्येक मोठं माप अंकात लिहिते, फूट-इंचात.

काम अजून संपलेलं नाही. मुख्य छपराचं पाणी पडवीच्या कौलांवर पडतं, तिथे पन्हळ लावायची आहे. प्रोग्रॅम पन्हळ काढतो ती आडवी, सपाट. तिला विहिरीच्या बाजूला उतार हवा. तो त्याला देता येईना, तेव्हा मी छापलेल्या कागदावर पेनाने बाण काढला आणि एका टोकाला तीन इंच खाली असं लिहून दिलं. वासे आले आहेत, पट्ट्या लोहाराकडे सांगितल्या आहेत, कौलं म्हसळ्याहून यायची आहेत.